स्नो बाइकचा क्लच: झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर

स्नो बाइकवर पहिला हिवाळा काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधीतरी वाटतंच की क्लच गेला. इंजिन ओरडतंय, गाडी मात्र जागची हलत नाही. पुण्या-नाशकात पल्सर आणि बुलेटवर हात बसलेला माणूस लगेच निकाल देऊन मोकळा होतो, "प्लेटा गेल्या." रस्त्यावर हा निकाल सहसा बरोबर निघतो. दोन हात खोल भुसभुशीत बर्फात तो पुष्कळदा चुकतो, आणि धडधाकट प्लेटा बदलण्यात एक रविवार आणि बरेच डॉलर जातात. म्हणून या लेखात झाकण उघडायचं काम बरंच उशिरा येतं.

आधी गाडी कोणती ते पक्कं करू. इथे स्नो बाइक म्हणजे डर्ट बाइक, बहुतेक वेळा ४५० सीसीची फोर-स्ट्रोक, जिचं पुढचं चाक काढून एक स्की आणि मागचं काढून रबरी ट्रॅक बसवलेला असतो. अमेरिकेतलं आयडाहो आणि मोंटाना, कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया हा तिचा मुलूख. गुलमर्गला किंवा सोलंगला पर्यटकांना फिरवतात ती स्नोमोबाइल वेगळी. तिच्यात बेल्ट आणि दोन पुली असतात, हाताने दाबायचा क्लच नसतोच. 'स्नोमोबाइल क्लच दुरुस्ती' असे व्हिडिओ पाहून यातलं काहीही सुधारणार नाही. आपल्या गाडीत मोटारसायकलचाच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच आहे. स्की आणि ट्रॅकचं किट बनवणारे त्याला हातही लावत नाहीत.

स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने २०१५ मध्ये आयडाहोतल्या सँडपॉइंटची, अशी किटं बनवणारी टिंबरस्लेड कंपनी घेतली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे जुनी किटं आणि त्यांना जोडलेल्या जुन्या ४५० दुसऱ्या-तिसऱ्या हाती येत असतात. नवखा माणूस बहुधा अशाच गाडीपासून सुरुवात करतो. अशा गाडीच्या क्लचचा पूर्वेतिहास विक्रेता सांगेल तेवढाच, म्हणजे अगदी थोडा.

बर्फ क्लचला एवढा का खातो

मातीत मागचं चाक घसरतं आणि जास्तीचा जोर तिथेच वाया जातो. शिवाय एकदा वेग धरला की गाडी थोडीफार आपोआप वाहत राहते. ट्रॅकवर तसं काही नाही. थ्रॉटल सोडला की गाडी जवळजवळ ब्रेक लावल्यासारखी थांबते, आणि पुन्हा निघताना सगळा भार क्लचवर येतो. त्यात चढ, त्यात ताजा बर्फ, त्यात गाडी रुतलेली. ताम्हिणी घाटात मालवाहू टेम्पोच्या मागे हाफ क्लचवर रांगायची सवय असेल तर ती इथे प्लेटांच्या मुळावर येते.

आत काय चालतं तेही थोडक्यात. पत्त्यांच्या दोन गड्ड्या एकमेकींत मिसळाव्यात तशा घर्षण प्लेटा आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसलेल्या असतात. घर्षण प्लेटांचे कान बाहेरच्या बास्केटच्या खाचांत अडकतात आणि बास्केट इंजिनबरोबर फिरते. स्टीलच्या प्लेटांचे दाते आतल्या हबमध्ये अडकतात आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला असतो. स्प्रिंगा प्रेशर प्लेट नावाच्या चकतीमार्फत या सगळ्या चळतीला दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो. प्लेटा झिजल्या की चळत बारीक होते आणि प्रेशर प्लेट आत सरकते. केबलवाल्या क्लचमध्ये त्यामुळे लिव्हरचा मोकळा खेळ, म्हणजे फ्री प्ले, वाढत नाही, कमी होत जातो. नवख्याला हे उलटं वाटतं. खेळ वाढलाय म्हणजे केबल ताणली गेली आहे, खेळ संपत चाललाय म्हणजे प्लेटा झिजताहेत, एवढं डोक्यात ठेवा. फ्री प्ले पूर्ण संपला की लिव्हर न दाबताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, सटकतो, तापतो आणि मग झीज झपाट्याने वाढते.

पहिला प्रश्न: क्लच सटकतोय की ट्रॅक?

ही परीक्षा दाबून घट्ट झालेल्या पायवाटेवर करा, ताज्या बर्फात नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमवर स्थिर चाला आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. आवाज आणि वेग हातात हात घालून वर गेले तर क्लच ठीक आहे. आवाज झटकन पुढे पळाला आणि वेग मागून रेंगाळत आला तर क्लच सटकतोय. झीज आधी वरच्या गिअरमध्ये आणि गरम इंजिनावरच दिसते, त्यामुळे घरासमोर थंड गाडी पहिल्या गिअरमध्ये फिरवून काहीच कळत नाही.

खोल बर्फातच शंका आली तर मागे बघा, किंवा सोबत्याला बाजूला उभा राहून बघायला सांगा. ट्रॅक घसरत असेल तर मागून बर्फाचा जोरदार फवारा उडतो आणि गाडी स्वतःसाठी खंदक खणत खाली जाते. क्लच सटकत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि फवारा मात्र मंदावतो. या दोन गोष्टींची फारकत झाली की निदान जवळपास पक्कं. त्यात जळका, तिखट वास आला तर उरलेली शंकाही संपते.

तिसरी शक्यता सगळे विसरतात. क्लच शाबूत, ट्रॅकची पकडही बरोबर, पण ट्रॅकच फिरायला जड झालाय. दुपारी ओला झालेला बर्फ ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात आणि छोट्या चाकांत साचतो आणि ऊन उतरलं की त्याचा दगड होतो. गाडीचा मागचा भाग उचलून न्यूट्रलमध्ये ट्रॅक हाताने फिरवून बघा. चेन जास्त ताणलेली असली तरी असाच भार येतो. ट्रॅकचा आणि चेनचा ताण किटच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवला की 'क्लचच्या' कितीतरी तक्रारी आपोआप मिटतात.

याच्या उलटा दोष म्हणजे क्लच पुरता न सुटणं. लिव्हर पूर्ण ओढलेली असूनही गिअर टाकताच गाडी पुढे उडी मारते किंवा बंद पडते, न्यूट्रल सापडत नाही. उणे पंधरा अंशांत सकाळी पहिली काही मिनिटं हे होणारच, कारण घट्ट झालेलं तेल प्लेटा चिकटवून ठेवतं. इंजिन गरम झाल्यावरही तसंच राहिलं तर मात्र कारण शोधायला हवं. फ्री प्ले फार जास्त आहे का, हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा) असेल तर त्याच्या लाइनमध्ये हवा आहे का, स्टीलची प्लेट वाकली आहे का, की बास्केटला खाचा पडल्या आहेत.

दुसरा प्रश्न: लिव्हरपासून इंजिनापर्यंत सगळं ठीक आहे का?

केबल असेल तर लिव्हरच्या टोकाशी साधारण १० मिलीमीटरच्या आसपास मोकळा खेळ असतो. नेमका आकडा आणि तो कुठे मोजायचा हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तोच पाळा. लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने तो बसवा आणि गाडी गरम झाल्यावर पुन्हा तपासा, कारण गरम इंजिनावर तो थोडा बदलतो. जाड हातमोज्यांमुळे खेळाचा अंदाज चुकतो, म्हणून मोजताना मोजे काढा, थंडीने बोटं कुरकुरली तरी.

केबलमध्ये शिरलेलं पाणी हा बर्फातला खास त्रास. दिवसा वितळलेला बर्फ आवरणात उतरतो, सावलीत गेल्यावर गोठतो आणि केबल अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकते. लिव्हर सोडली तरी क्लच पूर्ण धरत नाही. दोष प्लेटांवर ढकलला जातो, खरं कारण बर्फाचा एक पातळ खडा. मोसमाच्या सुरुवातीला केबल काढून साफ करा, वंगण द्या. आवरण फाटलं असेल तर सरळ नवी केबल घाला, ती स्वस्त असते.

हायड्रॉलिक क्लच झीज आपोआप भरून काढतो, त्यामुळे लिव्हर काहीच बोलत नाही आणि आतली झीज उशिरा कळते. तिथे तीन गोष्टी बघा. रिझर्व्हॉयरची पातळी आणि द्रवाचा रंग. इंजिनाच्या बाजूच्या छोट्या सिलेंडरभोवती ओल. आणि लिव्हर सोडल्यावर पूर्ण बाहेर येते का. हँडगार्डची पट्टी किंवा थंडीसाठी चढवलेली हँडलवरची पिशवी लिव्हरला किंचित दाबत असेल तर लाइनमध्ये दाब अडकून राहतो आणि नवाकोरा क्लचही सटकतो. द्रव भरताना झाकणावर काय लिहिलंय ते वाचाच. काही प्रणालींना खनिज तेल लागतं, काहींना ब्रेक फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली सीलं फुगून निकामी होतात.

तेल

क्लच आणि इंजिन बहुतेक ४५० मध्ये एकाच तेलात असतात. त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे, तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं मानक असलंच पाहिजे. मोटारींसाठीच्या 'एनर्जी कन्झर्व्हिंग' तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. पिस्टनला ती बरी, क्लचला घातक. कडक थंडीत अनेकजण १०डब्ल्यू-४० तेल सोडून थंडीत जास्त पातळ राहणाऱ्या ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० वर येतात. मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तर तो बदल शहाणपणाचा आहे, सकाळचं चिकटणं त्याने कमी होतं.

दुसरी भानगड इंजिन गरमच न होण्याची. डर्ट बाइकचे रेडिएटर उन्हाळ्यासाठी बनवलेले असतात. बर्फात ते इंजिनाला गरजेपेक्षा जास्त थंड ठेवतात. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने तेलात उतरतं, आतल्या वाफेचं पाणी होतं. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तेलाला पेट्रोलचा वास आला किंवा तेलाच्या झाकणाच्या आत दह्यासारखा पांढरा थर जमला, तर समजायचं काय चाललंय. असं पातळ झालेलं तेल बेअरिंगचं रक्षण करत नाही आणि क्लचला नीट थंडही ठेवत नाही. थर्मोस्टॅटचं किट आणि रेडिएटर झाकायची आवरणं हा माझ्या मते ऐच्छिक खर्च नाहीच, गाडीबरोबरच धरायचा. आणि तेल तासांवर बदला, महिन्यांवर नाही. बर्फात चालवणारे पुष्कळजण दर ५ ते १० तासांना बदलतात. त्यासाठी तास मोजणारं मीटर गाडीला अडकवा.

काढलेलं तेल फेकण्याआधी फिल्टर उघडून पसरा. काळपट, भुशासारखे तंतू म्हणजे घर्षण प्लेटांचं अस्तर. चंदेरी, मऊ, लोहचुंबकाला न चिकटणारी चकाकी बहुधा ॲल्युमिनियमच्या बास्केटची असते. चिकटणारे तुकडे दिसले तर गाडी सुरूच करू नका, तो विषय क्लचच्या पलीकडचा आहे.

आता झाकण

सटकणं सिद्ध झालं, फ्री प्ले आणि केबल ठीक, तेलही बरोबर. आता उघडायचं. लागणारी हत्यारं मोजकी: टी-हँडल पाने, ॲलन की, छोटा टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), जाडी मोजायला व्हर्नियर, फट मोजायला पातळ पात्यांचा फीलर गेज आणि काचेचा एक सपाट तुकडा. फक्त प्लेटा बदलायच्या असतील तर मधला मोठा नट उघडायची गरज नाही.

१. तेल काढून टाका. काहीजण गाडी डावीकडे आडवी करून तेल न काढताच काम उरकतात, कारण क्लच उजवीकडे असतो. जळलेल्या क्लचचं तेल तसंही टाकून द्यायचंच असतं, त्यामुळे ही युक्ती इथे कामाची नाही.

२. उजवीकडचं क्लचचं गोल झाकण काढा. ब्रेकचा पेडल आड येत असेल तर तो सोडवा. झाकणाचं रबरी ओ-रिंग जपा, चपटं झालं असेल तर नवं घाला.

३. स्प्रिंगांचे बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. एकच पूर्ण काढला तर प्रेशर प्लेट तिरकी होऊन ॲल्युमिनियमचे आटे खाते. केटीएम आणि हुस्कवार्नाच्या बऱ्याच मॉडेलांत सुट्या स्प्रिंगांऐवजी एकच मोठी चकतीसारखी स्प्रिंग असते, पण बोल्ट सोडायची रीत तीच.

४. प्लेटा एकेक काढून त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो घ्या. आतल्या बाजूला कमी रुंदीची एक घर्षण प्लेट आणि तिच्याबरोबर पातळ बशीसारखी रिंग असू शकते. तिची कोणती बाजू बाहेर होती ते लक्षात ठेवाच. काही मॉडेलांत शेवटच्या प्लेटचे कान वेगळ्या खाचांत बसतात.

प्लेटा काय सांगतात

इथे घाई करू नका. प्लेटा नीट वाचल्या नाहीत तर नवा संचही तसाच जळतो.

घर्षण प्लेट व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा. बऱ्याच ४५० मध्ये नवी प्लेट साधारण ३ मिलीमीटरची असते आणि झिजण्याची मुभा ०.१ ते ०.२ मिलीमीटर एवढीच. डोळ्याला हा फरक दिसत नाही. जाडी भरलेली, पण पृष्ठभाग काळा, आरशासारखा गुळगुळीत, नखाला न लागणारा असेल तर अस्तर भाजून काचेसारखं झालंय. सँडपेपर मारून ते जिवंत करायचे व्हिडिओ दिसतील. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पुढच्या डोंगरासाठी नाही.

स्टीलची प्लेट काचेवर ठेवा आणि कडेखाली फीलर गेज सरकवून बघा. ०.१ मिलीमीटरच्या आसपासचं पातं आत गेलं तर प्लेट वाकली आहे. निळे-जांभळे डाग म्हणजे ती बेसुमार तापली होती. सगळ्या प्लेटा सारख्या निळ्या असतील तर कारण चालवण्याच्या सवयीत किंवा फ्री प्लेमध्ये शोधा. एका बाजूलाच डाग असतील तर स्प्रिंगांचा दाब असमान आहे.

स्प्रिंगा मोकळ्या ठेवून लांबी मोजा. बहुधा मिलीमीटरभराचीच सूट असते. एक जरी आखूड झाली असली तरी अख्खा संच बदला. जास्त कडक स्प्रिंगा घालून सटकणं थांबवायचा मोह होतो, पण मनगट दुपारपर्यंत गळून जातं आणि दमलेला हात पुन्हा हाफ क्लचकडेच वळतो.

शेवटी बास्केट. प्लेटांचे कान जिथे आपटतात तिथे बोटाचं नख फिरवा. पायऱ्यांसारख्या खाचा लागल्या तर प्लेटा त्यात अडकतात, क्लच धक्क्याने धरतो आणि पुरता सुटत नाही. अगदी हलक्या खाचा बारीक कानशीने सपाट करता येतात, खोल असतील तर बास्केट बदलणंच बरं. कानस मारण्याआधी भोवती चिंध्या कोंबा, ॲल्युमिनियमचा कीस इंजिनात जाता कामा नये. केटीएमची स्टीलची बास्केट या बाबतीत बरीच चिवट असते.

नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी, इंजिनात भरणार त्याच नव्या तेलात चांगल्या मुरू द्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला भाजतात. क्रम फोटोप्रमाणे, पहिली आणि शेवटची घर्षण प्लेट. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, ६ मिलीमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर किंवा मॅन्युअलमध्ये असेल तेवढंच. मनगटाच्या अंदाजाने आवळले की आटे गेलेच. झाकण लावण्याआधी लिव्हर ओढून प्रेशर प्लेट सरळ बाहेर येते का बघा. मग झाकण लावा, नवं तेल भरा, पहिली काही मिनिटं सौम्य चालवा आणि थांबून फ्री प्ले पुन्हा मोजा.

रेक्लूजसारखा ऑटो क्लच असेल तर

ऑटो क्लच म्हणजे लिव्हर न ओढताही आपोआप सुटणारा आणि धरणारा क्लच. बर्फात हे किट आवडतं, कारण रुतलेल्या गाडीवर इंजिन बंद पडत नाही. त्याची रोजची तपासणी एका रबर बँडने होते. इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये ठेवा, रबर बँड हँडलच्या ग्रिपपासून लिव्हरवर ताणून लावा आणि थ्रॉटल झटकन द्या. आयडलवर असलेली लिव्हर टोकाशी सुमारे ३ मिलीमीटर आणखी आत सरकली पाहिजे. कमी सरकली तर क्लच सटकणार, जास्त सरकली तर गाडी थांबूनही ओढत राहणार. ही तपासणी प्रत्येक फेरीआधी करा, रबर बँड खिशात ठेवा. मात्र ऑटो क्लच चुका पोटात घालतो असं नाही. चुकीच्या गिअरमध्ये चढ ओढला तर तोही आतल्या आत सटकत राहतो, फक्त तुमच्या बोटांना ते कळत नाही.

डोंगरात सटकू लागला तर

आधी थांबा, इंजिन बंद करा, क्लच निवू द्या. फ्री प्ले बघा, नसेल तर ॲडजस्टरने द्या. लिव्हर आणि केबलच्या तोंडावरचा बर्फ काढा. मग गिअर खाली आणा आणि थ्रॉटल कमी ठेवा. क्लचवर येतो तो इंजिनाचा टॉर्क, आणि खालच्या गिअरमध्ये तेवढाच जोर ट्रॅकवर पोहोचवायला इंजिनाला कमी टॉर्क लागतो. वरच्या गिअरमध्ये 'हळूहळू' जाणं म्हणूनच उलटं पडतं. स्वतःच्या आलेल्या, दाबल्या गेलेल्या वाटेनेच परत जा. जवळचा रस्ता म्हणून कोरा उतार कापू नका, तिथे क्लचपेक्षा हिमस्खलनाची काळजी मोठी. सोबत एक जास्तीची केबल, लिव्हर आणि ॲडजस्टरला बसणारा पाना असावा. प्लेटा बर्फात बसून बदलायचा विचारही नको.

सवयी

रुतलेली गाडी क्लचच्या जोरावर बाहेर येत नाही. उतरा, गाडी एका कुशीवर पाडा, ट्रॅकखालचा खड्डा बर्फाने भरून पायाने तुडवा, गाडी उभी करा आणि पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात निघा. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर फावडं काढा. रात्रभर उभी राहून जमिनीला चिकटलेल्या ट्रॅकला क्लच सोडून हिसका देणं तर अजिबात नको. मागचा भाग हाताने हलवून, लाथेने ठोकून तो आधी मोकळा करा. संध्याकाळी ट्रॅक लाकडाच्या दोन फळ्यांवर उभा केला की सकाळी हा प्रश्नच उरत नाही.

चालवताना बोटं लिव्हरवर विसावू देऊ नका. हाफ क्लच सतत लागत असेल तर हात सुधारण्याआधी गिअरिंग बघा. पुढची स्प्रॉकेट एका दात्याने लहान केली की पुष्कळ गाड्या एकदम शहाण्यासारख्या वागू लागतात.

मोसम संपला की जुनं तेल गाडीत ठेवून ती उन्हाळाभर उभी करू नका. त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. नवं तेल भरून इंजिन एकदा पूर्ण गरम करा आणि मग झाका. चाकं परत लावल्यावर पहिल्यांदा सुरू करण्याआधी लिव्हर ओढून, गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवा. उभं राहून प्लेटा चिकटल्या असतील तर इथेच सुटतात. मागचं चाक अडूनच राहिलं तर इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करून पुन्हा हलवून बघा.